बोट ठेवा, प्रेशर पाहा

वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी कारंज्याहून आलेली आचल आणि तिचा मोठा भाऊ सुगत बसले होते. सुगत पुण्याहून नुकताच पोचला होता. त्यांच्या वडिलांना आदल्या दिवशी लकवा मारला होता.

"बाबांनी प्रेशरच्या गोळ्या कधी बंद केल्या?"

"दोन महिने झाले, दादा. तू बनवलेल्या प्रेशरच्या ॲपवर रोज बोट ठेवत. एकशेवीस-ऐंशी आलं का म्हणत, आता गोळी कायले पाह्यजे."

"डॉक्टरले विचारा म्हणून खाली लिवलं होतं ना मी."

"इंग्रजीत लिवलं होतं. बाबाले इंग्रजी येते काय?"

"नाई."

"ते खरंच प्रेशर मोजते काय?"

"नाडी मोजते. प्रेशरचा आकडा अंदाजानं देते."

"मंग असं ॲप स्टोअरवर ठेवू कसं देलं तुले?"

"फॉर्म असते. ॲप इलाजासाठी असन तर तपासणीचे कागद मागते. मी फिटनेसवर टिक केलं."

"काऊन?"

"तपासणी केलीच नव्हती, तं कागद कुठून लावू?"

"किती लोकायजवळ आहे ते?"

"चाळीस हजार. काल काढून टाकलं मी. पण ज्यायनं घेतलं, त्यायच्या फोनमंदी राह्यतेच."

"आत जाऊन ये. बाबा तुलेच बोलावून राह्यले."

"काय म्हणते?"

"बाजूच्या खाटेवरच्या बुढ्याले सांगून राह्यले, माह्या पोरानं बनवलं म्हणून. त्या बुढ्याचं प्रेशर पाह्यचं आहे बाबाले. उजवा हात उचलत नाई, म्हणून तुले ॲप उघडून दे म्हणते."