वीज आणि पाणी यांच्या मधोमध

…आणि वर मलाच म्हणतात, “वहिनी, जरा एकदा नजर टाका ना, शुद्धलेखन तुमचं चांगलं आहे!” बावीस पानी अर्ज, सरकारी अनुदानाचा, दुसऱ्या टप्प्याचा, आणि मी आपली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लाल पेनाने वेलांट्या सुधारतेय… सुधारता सुधारता नवव्या पानावर आले. ‘संशोधक चमू’. मुख्य संशोधक कोण? भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. तांत्रिक व्यवस्थापक, माझा नवरा. सल्लागार, सासरे! आता सासऱ्यांचा सल्ला काय, तर सकाळी दात घासता घासता मागच्या दारातून विचारायचं, “दिवा लागलाय ना रे?” हा सल्ला आहे का हो? हा तर प्रश्न आहे! आणि मी? मी दहाव्या पानावर, ‘इतर सुविधा’ या सदरात. ‘जागा, वीज, घरगुती मदत, पाणी.’ वीज आणि पाणी यांच्या मधोमध बसवलंय मला! आणि तुम्हाला सांगते, ‘घरगुती’तली वेलांटी चुकली होती, तीसुद्धा मीच दुरुस्त केली. बोलले का काही? नाही. मी काही बोलले नाही.

लग्नाला सात महिने झालेत माझ्या. त्याआधी चार वर्षं मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होते, लोकांच्या शेतातली माती पुड्यांतून यायची, आम्ही तिची कुंडली मांडायचो. लग्न ठरताना याचं काय कौतुक! “अरे वा, आमच्याकडेही शेतीचंच संशोधन चालतं, छान जमेल!” संशोधन म्हणजे काय, तर बुटांच्या खोक्याएवढा एक पांढरा डबा, त्याला निळा दिवा, आणि डब्यातून निघालेल्या दोन-दोन सळया कुंड्यांच्या मातीत खोचलेल्या. माती कोरडी झाली की डब्याला आपोआप कळणार, पंप सुरू होणार, पाणी वाचणार. छोट्या उद्योगांना असलं काही करून बघायला सरकार पैसे देतं. सहा महिन्यांत दाखवायचं की जमतंय, मग पुढचा मोठा टप्पा. म्हणून मागच्या शेडमध्ये टोमॅटोच्या दोन रांगा. एक डब्याची, आणि एक तुलनेसाठी, बिनडब्याची. तिला सासरे दोन वेळा पाइपने पाणी घालायचे, आग विझवल्यासारखं.

तिसऱ्या आठवड्यात डब्याच्या रांगेने माना टाकल्या. डबा म्हणतोय, ‘ओलं’. मी गेले सांगायला. भाऊजी खुर्चीवर मागे रेलून, डोळे मिटून, एखादा महाराज प्रवचन देतो तसे म्हणाले, “वहिनी, तुमची तळमळ मला समजते. पण आपण अंदाजावर चालत नाही. आपण आकड्यांवर चालतो.”

आता टोमॅटोला आकडे वाचता येतात का? मी काही बोलले नाही. सकाळी सहाला उठले, मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं, कोरडं लागलं तिथे पंपाच्या टाकीतलं मगभर पाणी, ओलं लागलं तिथे नाही. चोवीस कुंड्या, रोज! आणि सगळं वहीत लिहिलेलं. तारीख, कुंडी, किती मग. वही लपवली का मी? छे! डब्याच्या शेजारीच खिळ्याला टांगलेली, येता-जाता खांद्याला लागेल अशी. पाच महिन्यांत कोणी उघडली? भाऊजी नऊला आळस देत यायचे, तरारलेली झाडं बघायचे, टाकीतल्या पाण्याची उंची मोजायचे आणि ओरडायचे, “चाळीस टक्के बचत! बघा, डबा काय काम करतोय!” डबा! माझ्या नखात माती जाऊन जाऊन सासूबाई विचारायला लागल्या, “अगं, भांडी राखेने घासतेस की काय?” तरी मी काही बोलले नाही. म्हटलं, अर्ज लिहिताना तरी कोणी वही उघडेल… आणि मग ते दहावं पान.

तर सरकारी तपासणी पुढच्या सोमवारी होती. मी अर्ज नीट करून दिला, बावीसच्या बावीस पानं, आणि सासूबाईंना म्हटलं, “आई, आठ दिवस माहेरी जाऊन येऊ का?”

“जा की गं. पण त्या झाडांचं?”

“यंत्र आहे ना!”

बस. एवढंच बोलले. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझी बॅग भाऊजींनी स्वतः उचलून गाडीत ठेवली. “वहिनी, निवांत राहा, इथली काळजी नको!” म्हटलं, नाहीच करणार. आयुष्यात कोणाची बॅग उचलल्याची एवढी किंमत कोणी मोजली नसेल. मी काही तोडलं नाही, वायर ओढली नाही, एका पानाला हात लावला नाही… हात न लावणं हाच तर सूड होता! झाडांचं वाईट वाटलं, त्यांनी माझं काय केलं होतं? पण मी आठ वाजेपर्यंत झोपले. नखं वाढवली. त्यांना रंगसुद्धा लावला!

चौथ्या दिवशी नवऱ्याचा फोन. कुजबुजत. “अगं, पानं जरा… लोंबल्यासारखी दिसतायत.”

“यंत्र काय म्हणतंय?”

“ओलं.”

“मग ओलंच असणार. आपण आकड्यांवर चालतो ना?”

“बाबा पाइप घेऊन निघाले होते, तर हा ओरडला त्यांच्यावर! म्हणे तपासणीआधी कोणी हात लावायचा नाही, नोंदी बिघडतील.”

“बरोबरच आहे भाऊजींचं,” म्हटलं मी, आणि दुसरा थर लावायला घेतला.

सोमवारी सकाळी परतले. तपासणीच्या बाई दहाला आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायांत चपटे बूट, आवाजाला चढ नाही की उतार नाही. शेडमध्ये सासऱ्यांची रांग हिरवीगार. डब्याची रांग पिळून वाळत घातलेल्या फडक्यांसारखी. आणि वर निळा दिवा, प्रसन्न! ‘ओलं’!

भाऊजी म्हणाले, “मॅडम, झाडं सध्या विश्रांतीच्या अवस्थेत आहेत.”

बाई म्हणाल्या, “चिरविश्रांतीच्या.”

मग त्यांचा खांदा वहीला लागला. पाच महिन्यांत पहिला खांदा! काढली, उघडली, पानं उलटली, परत मागे गेल्या, कुंडी क्रमांक सातच्या मातीत स्वतःचं बोट घातलं, बघितलं… “हे अक्षर कोणाचं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात चहाचा ट्रे. मी तो ठेवला खाली, चक्क डब्यावरच. आणि मग बोलले! अहो, बोलले म्हणजे काय… सात महिन्यांचं साठलेलं! म्हटलं, बाई, खताचे क्षार सळयांवर चढतात, तिसऱ्याच आठवड्यात चढले, त्या क्षारांनाच डबा ओलावा समजतो, म्हणून पंप सुरूच होत नाही, ही बघा तारीख, ही बघा मी घासून पुसलेली सळई, घासल्यावर दहा दिवस बरोबर सांगत होती, अकराव्या दिवशी परत खोटं, आणि ते चाळीस टक्के डब्याचे नाहीत, ते माझ्या बोटाचे आहेत! वीस मिनिटं. श्वास घेतला की नाही, आठवत नाही. चहावर साय धरली.

बाईंनी वही मिटली. “चाळीस टक्के बचतीचा पहिला अहवाल मागे घ्या. पुढचा टप्पा आत्ता नाही. डबा का फसतो, याच विषयावर सहा महिने मुदतवाढ. आणि मुख्य संशोधक म्हणून सही यांची.”

यांची म्हणजे माझी! भाऊजींनी काय मान टाकली म्हणून सांगू! नवीन अर्ज त्यांच्याकडूनच टाइप करून घेतला मी, शेजारी उभी राहून. नववं पान तर दोनदा.

आणि इथे मी फसले. कारण नियमात होतं, मुख्य संशोधकाला पूर्णवेळ सहायक हवा, डब्याच्या पोटातलं कळणारा. असा माणूस आमच्या घरात एकच आहे. तेव्हा आता सकाळी सहाला शेडचं दार उघडावं, तर भाऊजी माझ्याआधी हजर, बाह्या सरसावून, “वहिनी, आज कुठल्या कुंडीपासून?” बोट दुसऱ्या पेरापर्यंत, वहीत तारीख अचूक, सळया तर असल्या लख्ख घासतात… तुम्हाला सांगते, माणूस कामाला इतका चांगला निघाला, की आता राग धरायचा म्हटलं तर घरात कोणी उरलंच नाही.