निळ्या किटलीच्या कानाखालचा ठसा

नाव – ओळखपत्राप्रमाणे; कॉलेजात ‘डेपो’ म्हणून ओळखतात. वय – ६१ वर्षे. व्यवसाय – सेवानिवृत्त बसचालक. राहणार – कला महाविद्यालयामागील रस्ता, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसरा मजला.

आज बोलावणे आल्यावरून मी पत्नीसह पोलीस ठाण्यात आलो असून, विचारल्याप्रमाणे समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर आम्ही दोघेच राहतो. मुलगा-सून परगावी असतात. बस चालवण्याची नोकरी संपल्यावर मी गेल्या वर्षी कॉलेजात नाव घातले. पहिल्या वर्षाला चित्रकला, शिल्प, ठसेछपाई, सगळेच थोडे थोडे करून पाहावे लागते. मी काढलेला घोडा बाकावर बसल्यासारखा दिसतो असे वर्गातली मुले म्हणतात, आणि ते खरे आहे. मातीकामात मात्र मन रमले. चाक फिरू लागले आणि दोन्ही हात मातीवर ठेवले की मला बरे वाटते. याहून जास्त त्याबद्दल सांगता येणार नाही.

पत्नीला हे पसंत नव्हते. तिचे म्हणणे असे की, "अहो, आयुष्यभर घरात धूळ आणलीत, आता चिखल आणताय." मी आजवर घरी नेलेल्या भांड्यांपैकी वाटी डगमगते, कपाचा कान हातात येतो आणि फुलदाणी पाझरते, हेही खरे आहे. शेवटी आमचे असे ठरले की, वर्ष संपण्याआधी घरात रोज वापरता येईल असे एक तरी भांडे आले तर मी पुढच्या वर्षाला जावे. नाही आले तर कॉलेज सोडून मेव्हण्याच्या टेम्पोवर चालक म्हणून जावे. मेव्हण्याने टेम्पोची किल्ली आधीच आणून आमच्या फ्रिजवर ठेवली होती.

वर्षाचे शेवटचे काम म्हणून मातीकामाच्या बाईंनी सर्वांना चहाची किटली करायला सांगितली. किटली हा कटकटीचा प्रकार आहे. तोटीची कड जराशी गोल राहिली तरी ओतून झाल्यावर एक थेंब मागे फिरतो आणि पोटावरून ओघळत टेबलावर येतो. माझ्या शेजारच्या चाकावर एकोणीस वर्षांची एक मुलगी बसते. अंगापिंडाने लहान, म्हणून वर्गात तिला मुंगी म्हणतात. ती मामाकडे राहते. या कामात नापास झाली तर मामा तिला कॉलेजातून काढून आपल्या चष्म्याच्या दुकानात बसवणार, असे तिने मला सांगितले होते. मी तिला टेम्पोचे सांगितले होते. आम्ही दोघांनी सारख्याच वजनाच्या गोळ्यांतून, बाईंचा एकच नमुना पाहून किटल्या केल्या आणि एकाच बादलीतल्या निळ्या झिलईत बुडवल्या.

भट्टीत झिलई जास्त वितळली आणि ओघळून दोन्ही किटल्यांच्या बुडाशी गोठली. भट्टी लावणाऱ्या माणसाने ती घासून काढली, त्यात बुडाशी कोरलेली आमची नावेही गेली. काल सकाळी मी आधी पोहोचलो. बाई रजेवर होत्या. दोन्हींतली एक किटली मला आपली वाटली, ती टॉवेलात गुंडाळून मी घरी नेली. बाईंना दाखवण्याआधी घरी का नेली, असे विचारल्यावरून सांगतो की, मला धीर निघाला नाही.

पत्नीने तिच्यातून चहा ओतला. थेंबही ओघळला नाही. तिने पुन्हा ओतून पाहिला, मग बोट फिरवून तोटीची खालची बाजू पाहिली. मग आमची जुनी स्टीलची किटली तिने वरच्या फळीवर सारली.

मुंगी दुपारी कॉलेजात गेली तेव्हा तिला मागे राहिलेली किटली मिळाली. ती गळते. आपली कोणीतरी नेली असे तिने घरी सांगितले, आणि मामा स्वभावाने तापट असल्याने तडक येथे येऊन चोरीची तक्रार देऊन गेले. "मी त्यांना अडवत होते," असे मुंगी म्हणते. माझा त्यावर विश्वास आहे.

आज दोन्ही किटल्या साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाणी ओतून पाहण्यात आले. साहेबांचे कागद भिजले ते गळक्या किटलीमुळे. मुंगी म्हणाली, चांगली माझी. मीही म्हणालो, चांगली माझी. खरे सांगायचे तर दोन्ही एकत्र पाहिल्यावर माझी मलाच ओळखू येईना. भट्टीत ठेवताना पाहिलेले भांडे बाहेर आल्यावर ओळखच देत नाही.

मग साहेबांचे लक्ष कानाच्या खालच्या टोकाकडे गेले. कान चिकटवताना तेथे अंगठा दाबतात, त्याचा खळगा राहतो. ठसा आहे म्हटल्यावर साहेबांची कळी खुलली. चांगल्या किटलीच्या खळग्यात त्यांनी आधी मुंगीला अंगठा ठेवायला लावला. तो अगदी नेमका बसला. माझा कडेने जरा बाहेर राहिला. मामा टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! आता काय राहिलं?"

त्याच वेळी मला कळले की किटली माझी आहे. मी काही बोललो नाही. पत्नीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी बोललो नाही. का बोललो नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, माझा घसा बसला होता.

मुंगी मात्र अंगठा तसाच ठेवून किटलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, थांब. ही माझी नाहीये."

"अगं, बरोबर बसलाय की!"

"बरोबर बसलाय म्हणूनच. माती वाळताना आटते, भट्टीत अजून आटते. ओल्या मातीत दाबलेला ठसा भाजून लहान होतो. माझा असता तर आता मला तो घट्ट झाला असता."

तिने गळक्या किटलीच्या खळग्यात अंगठा घातला. पुरता गेला नाही. "गळते ती माझी," ती म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, माती आटते हे तुम्हीच मला पट्टीने मोजून दाखवलं होतंत. तुम्हाला कळलं होतं ना?" घसा बसल्याचे मी तिलाही सांगितले.

मामांनी दोन्ही खळग्यांत स्वतःचा अंगठा लावून पाहिला. मग साहेबांना म्हणाले, "नीट बसलेली वस्तू बसत नाही म्हणून सांगणारी पोरगी चष्म्याच्या दुकानात काय कामाची? कॉलेजातच बरी." त्यांनी तक्रार मागे घेतली. मुंगीच्या तोटीची कड गोल राहिली आहे, दगडावर घासली की थेंब थांबेल. बाई रजेवरून येण्याआधी आम्ही दोघे मिळून ते काम करणार आहोत.

माझी मुंगीविरुद्ध किंवा तिच्या मामांविरुद्ध काहीही तक्रार नाही. उलट मला फार आनंद झाला आहे, तो लिहून घ्यावा. किटली मुद्देमाल म्हणून ठेवून घेऊ नये, संध्याकाळच्या चहाला लागते, अशी विनंती पत्नीने केली आहे, ती माझीही समजावी.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. मी सांगितले तसेच उतरले आहे, असे मी म्हणत होतो, तोच पत्नीने त्यांना थांबवले. म्हणाली, "वरती एक चुकलंय. सेवानिवृत्त काय? ते शिकतात." तिच्या सांगण्यावरून व्यवसायापुढील शब्द खोडून तेथे ‘विद्यार्थी, दुसरे वर्ष’ असे लिहिले आहे. दुरुस्ती बरोबर आहे. खोडलेल्या जागी मी सही केली आहे.