तेवीस की सव्वीस

पत्रिकेचा विषय निघालाच हाय तर आमच्या दादूमामांचं ऐका. माझ्या लग्नाला आम्ही सगळ्यांना मोबाईलवरच पत्रिका धाडलेली. राधानगरीचे दादूमामा, म्हणजे वडिलांचे मामा, रुसले. "छापल्याबिगर आमंत्रण व्हय ते? उद्या पुसून टाकशिला."

मग वडिलांनी शिवाजी पेठेतल्या जुन्या छापखान्यात खास मामांसाठी एकच पत्रिका छापून घेतली. तिथं अजून एकेका अक्षराचे शिशाचे खिळे हातानं जुळवतात. खिळ्यावर आकडा उलटा असतोय, त्यामुळं सहाचा खिळा बघितला तर तीनासारखा दिसतोय. मालक त्यालाच फसले आणि तेवीस तारखेची सव्वीस झाली. आम्हीबी न वाचताच धाडून दिली.

लग्नाला मामा आलेच न्हाईत. आम्हाला वाटलं, अजून रुसलेत. तीन दिवसांनी बघतो तर फेटा बांधून, आहेर घेऊन दारात उभे.

"मांडव कुठाय रं?"

"मामा, लगीन तेवीसलाच झालं की." मी मोबाईल दाखवला.

मामांनी खिशातली पत्रिका काढली. "ह्ये बघ, छापलंय. तुम्हीच गडबड केलीसा." आणि आम्हा दोघांना पाटावर उभं करून पुन्हा अक्षता टाकल्या. जाताना पत्रिका देवघरात ठेवून गेले.

यंदा लग्नाच्या वाढदिवसाची तेवीस तारीख मी साफ विसरलो. बायकोनं अबोला धरला. शेवटी मी देवघरातली पत्रिका काढून तिच्यापुढं धरली. तिनं हसू दाबलं आणि म्हणाली, "छापलंय म्हणून वाचलासा."