खोटी साय

नको, त्या खुर्चीचा पाय हलतो — इकडे बस, फ्रिजच्या बाजूला, आणि घड्याळाकडे बघू नकोस, जॅरम. तीनला निघायचं म्हणालास, आत्ता अडीच होतायत, आणि मॉरीनचं घर इथून गाडीनं आठ मिनिटं. माझ्या मुलीच्या, मॉरीनच्या, पोटातली गाठ उद्या सकाळी सॉल्ट लेकच्या इस्पितळात काढणार आहेत, त्याआधी आज तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा आहे, त्याला दोन माणसं लागतात, एक तू, आणि दुसरा मी व्हावं असं बिशपच्या मनात आलं — हे सगळं तू दारात उभा राहूनच सांगितलंस, दोनदा सांगितलंस. मला ऐकू येतं. येतो की नाही ते सांगतो. आधी हातातलं उरकू दे. काय करतोय म्हणजे? डोळे आहेत ना तुला. सोडा करतोय.

हो, तोच. तुम्ही सगळे पिता तोच. काळा सोडा, त्यात नारळाचं सिरप, त्यात लिंबू, आणि वरून साय. दुसऱ्या कुठल्या गावात पोरानं असलं काही कालवलं असतं तर आईनं पेला हिसकावून मोरीत ओतला असता. आपल्याकडे त्याच्यासाठी मोटारींची रांग लागते. मी पाहिलीय ना — मंगळवारी दुपारी तीन वाजता, सतरा गाड्या, इंजिनं चालू, मागे पोरं पट्ट्यांत अडकवलेली, आणि पुढे आया, खिडकीतून हात बाहेर काढून वाट बघतायत, लहान बादली म्हणावी एवढ्या पेल्याची. तुझी बायकोही होती त्यात, बाराव्या गाडीत. नाही, मी मोजत नव्हतो, मी रस्ता ओलांडायला थांबलो होतो. बरोबर आहे म्हणा, आपल्या पंथात दारू नाही, कॉफी नाही, चहा नाही — माणसाला काहीतरी एक पाप लागतं, मग आपण साखरेचं घेतलं. आणि बिशप कशाला बोलेल? बिशप तो रविवारचा, एरवी आठवडाभर लोकांचे दात भरतो. सोडा बंद झाला तर त्याचा दवाखाना कोण चालवणार, तू? तू तर बागेला पाणी घालायचे पाइप विकतोस.

हसलास, बरं झालं. हे बघ, हे पाच पेले. मुद्दाम फेकले नाहीत, ओळीनं ठेवलेत, प्रयोगशाळेत ठेवायचो तसे. अडतीस वर्षं मी विद्यापीठात दूध शिकवलं — हसू नकोस, दूध हा विषय आहे — या खोऱ्यातल्या निम्म्या डेअऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आहेत, आणि माझ्या स्वयंपाकघरात पाच वेळा दूध फाटलं. हा पहिला. अर्धं दूध अर्धी साय, काल सकाळी आणलेली, त्यात लिंबू पडलं मात्र, बघ कसे तुकडे तरंगतायत, आजारी माणसानं ओकल्यासारखे. दुसऱ्यात लिंबू आधी आणि साय शेवटी — तेच. तिसऱ्यात मी म्हटलं घट्ट साय घेऊ, चरबी जास्त असली की फाटत नाही, आणि ती फाटली नाही, ती बर्फावर गोठून बसली, मेणबत्ती ओघळल्यासारखी. चौथा तर — चौथ्याचं सांगत नाही. पाचव्यात लिंबूच घातलं नाही. जमला. पण लिंबाशिवाय तो लागतो कसा, तर ओल्या गोणपाटासारखा, आणि तिच्या कार्डावर लिंबाखाली दोन रेघा मारल्यायत.

नेड्राचं कार्ड. माझी बायको — हो, तू फेब्रुवारीत आला होतास, तू शवपेटीचा कोपरा धरला होतास, आठवतंय मला. तिच्या पाककृतींच्या डब्यात होतं, जेलीची कोशिंबीर आणि मयताच्या जेवणाचे बटाटे यांच्या मधे. ‘मॉरीनचा सोडा’, स्वच्छ अक्षरात, तारखेसकट. एक्कावन्न वर्षं संसार केला आम्ही आणि या घरात असलं काही लिहून ठेवलंय हे मला माहीत नाही. आणि थांब, हे काहीच नाही. तळघरात आम्ही वर्षभराचा साठा ठेवतो, सगळेच ठेवतात, तूही ठेवत असशील, गहू आणि मीठ आणि मध, जग बुडालं तर. मे महिन्यात मी गव्हाचे डबे पुढे ओढले — उंदीर वाटला होता — तर मागे सोड्याचे चार खोके, सिरपच्या बाटल्या, आणि भुकटीचे सात डबे. बाईनं लपवायला जागा कुठली निवडली बघ. गव्हामागे. कारण तो गहू आम्ही एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून खाल्लेला नाही, खाणार नाही, तिथे मी मरेपर्यंत हात घालणार नाही हे तिला पक्कं माहीत. बाकीच्या मुलखात नवरे दारूच्या बाटल्या लपवतात. आमच्या घरात सत्तरीची आजी माझ्यापासून सोडा लपवत होती. आणि गुरुवारी दुपारी गोधड्या शिवायला जाते म्हणायची. गोधडी कसली — मॉरीनच्या टपरीमागे गाडी लावून काचा वर करून प्यायची, आणि मॉरीन शेजारच्या सीटवर येऊन बसायची, वीस मिनिटं. हे मला तिच्या अंत्यविधीला कळलं. एक बाई मला म्हणाली, प्रोफेसर, आता गुरुवारी ती जागा रिकामी दिसेल. कुठली जागा, मी म्हटलं.

टपरीच म्हणतो मी. बियाण्याचं जुनं दुकान होतं ते, तिनं त्याला खिडकी पाडली आणि रंग दिला. माझ्या मुलीनं. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीनं — मीच शिकवलं तिला तिसऱ्या वर्षाला, पहिल्या बाकावर बसायची — आणि पन्नासाव्या वर्षी खिडकीत उभी राहून लोकांना विचारते, बर्फ कमी की जास्त. आणि साय कसली घालते, माहितेय? साय नाहीच. खोबरेल, साखर आणि फॉस्फेटचं मीठ. कॉफीत घालायची भुकटी, जॅरम. आपल्याला कॉफी पाप आहे, पण कॉफीत घालायची भुकटी घराघरात. दूध नसलेली साय, दुधाच्या खोऱ्यात, दुधाच्या प्रोफेसरच्या मुलीनं विकायची. मग माणूस बोलणार नाही?

बोललो ना. तू होतास की तेव्हा सभेत, तिसऱ्या रांगेत, पोर मांडीवर. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याला वाटेल त्यानं उठावं, मंचावर जावं आणि देवाबद्दल मनात असेल ते सांगावं — मी उठलो. लोक म्हणतात अकरा मिनिटं बोललो. मी सायीबद्दल बोललो. खरं काय आणि खऱ्यासारखं काय, याबद्दल. शास्त्रीय होतं सगळं. नाव घेतलं नाही कुणाचं. असं बघू नकोस, नाव खरंच घेतलं नाही. एक वाक्य — बरं, एक वाक्य होतं. तुला आठवतं, तर मग मला कशाला बोलायला लावतोस? ‘ज्या बाईला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही, ती भर दुपारी दुसऱ्यांच्या आयांना घराबाहेर रांगेत उभं करते.’ लिहून नेलं नव्हतं. तोंडातून गेलं. त्या खोलीत घटस्फोट झालेली बाई एकच होती. ती उठली नाही, रडली नाही, शेवटचं भजन पूर्ण म्हणाली, आणि पुढच्या रविवारपासून पलीकडच्या वस्तीतल्या सभेला जायला लागली. दोन वर्षं झाली. अंत्यविधीत माझ्याशी हात मिळवला, असा, पाहुण्याशी मिळवतात तसा. मी पत्र लिहिलं होतं. चार पानं. नंतर वाचलं तर त्यातली तीन सायीबद्दल होती, म्हणून पोस्टात टाकलं नाही.

काय? कार्डावर काय लिहिलंय ते मला वाचता येतं. लिहिलंय ना — ‘साय: डब्यातली, नारळाची, दोन चमचे.’ दिसतंय मला. मी मुद्दामच खरी घेतली. म्हटलं करायचंच आहे तर नीट करू, कळू दे तिला की — कुणाला म्हणजे? कुणासाठी म्हणजे काय? असे प्रश्न विचारायला पाठवलं का तुला? आज रविवार, तिची टपरी बंद, आणि रविवारी दुकानात जाऊन विकत काही मी घेत नाही, तूही घेत नाहीस. उभं राहवत नाही म्हणतात तिला. आणि मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा बंद आहे. म्हणून. आशीर्वाद द्यायला रिकाम्या हातानं गेलं तरी चालतं, हे मला कळतं, रिकामेच लागतात हात. पण दारात उभं राहून मी काय म्हणणार, तू सांग. ‘मी आलोय’? ते तर दिसतच असतं.

दे तो डबा. नाही, तो पिवळा, तळघरातला. उघड तूच, माझ्या नखांत जोर नाही. आता बघ, तुझ्यासारख्या पाइपवाल्यालाही कळेल — हे खोबरेल आंबटाला भीक घालत नाही, आणि हे मीठ आंबटाला अंगावर घेतं, मधल्या मधे, म्हणून उरलेलं फाटत नाही. हे मी दर वर्षी फळ्यावर काढायचो. आणि सकाळपासून पाच पेले फाडत बसलो. आंबट सोड्यात खरी साय टिकणारच नाही, ती कशी टिकेल, ती खरी आहे. इथे खोटीच लागते. हे तिला माहीत होतं, नेड्राला माहीत होतं, त्या सतरा गाड्यांतल्या बायकांनाही माहीत असेल, मला मात्र — हलव. हळू. चमचा तळाला लावू नकोस, गॅस जातो.

नाही फाटला.

बघू. वाईट आहे. लहान मुलाला औषध द्यायला बरं. थांब — वाईटच आहे, खात्रीसाठी परत घेतला. तू घे. डोळे मिटून पिऊ नकोस, तुझी बायको मिटते तशी.

वाजतोय तुझा फोन. बघ की, मला काय त्याचं. तीच आहे? काय विचारते? ‘ते येतायत का.’ ते म्हणजे मी? म्हणजे तिला माहितेय तू इथे आलायस. मग बिशपच्या मनात आलं वगैरे कशाला सांगितलंस? तूच विचारलंस तिला. आणि ती हो म्हणाली. आणि हे तू मला अर्धा तास सांगितलं नाहीस, बसून माझे पेले मोजत होतास. काय म्हणाली, नीट सांग, शब्द बदलू नकोस. ‘येऊ देत, पण —’ पण काय? पण काय, जॅरम? अरे, तोंडातून काढ.

तेल माझ्याकडे. बोलणं तुझ्याकडे.

हं.

तुझ्याकडे. बत्तीस वर्षांचा तू. अरे, आशीर्वाद देणारा खरा तो, दुसरा. पहिला नुसता डोक्यावर तेलाचा थेंब ठेवतो, नाव घेतो, ठरलेले चार शब्द म्हणतो आणि गप्प होतो — मग दुसरा बोलतो, मनातलं, पाहिजे तेवढं. बाप असताना बापच बोलतो, कुठल्याही घरात विचार. तिला आठ वर्षांची असताना पाण्यात मी बुडवून काढलं, बाप्तिस्मा मी दिला. दर सप्टेंबरला शाळा सुरू व्हायच्या आधी तिला समोरच्या खोलीत खुर्चीवर बसवून मीच बोलायचो, अर्धा अर्धा तास, ती कधी हलायची नाही, एकदा नुसतं म्हणाली होती, पप्पा, मला झोप येतेय. आणि आता ती पाइप विकणाऱ्याला — नाही, तुला नाही म्हणत. तू बरा आहेस. तुला बोलता येत नाही, म्हणून बरा आहेस.

तेलाचे शब्द किती असतात? मोजले कधी? तीसेक असतील. त्यात स्वतःचा एकही घालता येत नाही. तिचं पूर्ण नाव घ्यायचं, सकाळच्या हजेरीत घ्यायचो तसं, आणि — बरोबर आहे तिचं. मला तीसच द्यायला हवेत. मी तिच्या जागी असतो तर तेवढेही दिले नसते.

लिही तिला. ‘येतायत.’ एवढंच. गोड काही जोडू नकोस. आणि हा सोडा न्यायचा नाही, वाटेत त्याचं पाणी होईल — सोडा बाटलीत, लिंबू अख्खं, तो डबा तसाच, तिथे जाऊन कालवू. तू कालव. मी कालवलं तर ती विचारेल आणि विचारलं की मी सांगत बसेन.

ऊठ आता. गाडी सुरू कर. मला हात धुवायचेत, सिरपनं चिकट झालेत, असे तिच्या केसांना लागता कामा नयेत. आणि तिच्या दारापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, काही विचारूही नकोस. जा म्हटलं ना.