दोन ताटं ऑर्टेगाबाईंना

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही गरीब आहात याला पुरावा काय?" आता तुम्हीच बघा हो! एकवीस वर्षं शनिवारच्या बाजारात जुने पाने-पक्कड विकतोय, बुटाला चिकटपट्टी, ट्रकचं दार दोरीनं बांधलेलं, विमा म्हणाल तर आजोबांपासून कुणी पाहिलेला नाही... आणि पुरावा! तुम्हाला सांगतो, गरीब असणं सोपं, गरीब ठरणं महाकठीण!

झालं काय, डोळ्यांत काचबिंदू. उजवा निम्मा गेलेला, डावा निघायच्या तयारीत. डॉक्टर म्हणाला, "गेलं ते परत येत नाही. उरलंय ते ऑपरेशननं टिकेल, पण लवकर करा." खर्च? नऊ हजार डॉलर! म्हटलं, दोन्हींचे ना? "एकाचे." घासाघीस करून पाहिली, सवयच ती... बधला नाही. मग राहिलं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारचं, गरिबांसाठीचं कार्ड. ते मिळालं की उपचार फुकट. मिळालं की!

काउंटीच्या कचेरीत खिडकीमागे ऑर्टेगाबाई. बाई सोन्यासारखी, पण कागद किती मागावेत? भाड्याची पावती, विजेचं बिल, आणि मला जेवू कोण घालतं त्याचं पत्र! आमची बायको वर्लीन म्हणाली, "लिहिते की! आणि जेवताना नावं किती ठेवतोस तेही लिहिते!"

तेवढ्यात बातमी चर्चमध्ये पोचली. पाद्रीणबाई नदीन म्हणाल्या, "डॉयलभाऊ, आम्ही असताना तुम्ही आंधळे होता म्हणजे काय!" आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बाकीचे गाय भाजतात. धुरात शिजलेलं ब्रिस्केटचं मांस, बीन्स, बटाट्याचं सॅलड, बारा डॉलरला ताट, जमेल ते आजाऱ्याचं. गावभर माझ्या फोटोचे कागद चिकटले. मग माझ्यातला व्यापारी गप्प बसतो होय? थेट काउंटीच्या कचेरीत शिरलो आणि ऑर्टेगाबाईंनाच दोन ताटं खपवली!

सोमवारी बाई खूश. "मांस अगदी लोणी हो, डॉयलसाहेब! जमले किती?"

मी छाती काढून, "दोन हजार एकशे चाळीस! बँकेत टाकले, माझ्या नावावर!"

बाईंचा चेहराच उतरला. "अहो, सांगितलंत कशाला! शिल्लक दोन हजारांवर गेली की कार्ड नाही."

"मग वरचे एकशे चाळीस देऊन टाकतो कुणाला!"

"दिलेत तर लपवले असं धरतात."

ऐकलंत? ऑपरेशनला जवळजवळ सात हजार कमी आणि गरिबीला एकशे चाळीस जास्त! गरीब असणं सोपं हो, गरीब ठरणं महाकठीण!

मग डोळ्यांचे थेंब, डॉक्टरच्या फिया... पैसे संपवले. पावत्या जोडून नवा अर्ज, नवी रांग. "तीन महिने लागतील," बाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. तेवढ्या काळात उजव्या डोळ्यानं दुकान कायमचं बंद केलं. डाव्याची फळी निम्मी ओढलेली.

आणि काल टपालात जाड लिफाफा! मी चाचपला आणि ओरडलो, "वर्लीन, कार्ड आलं गं, कार्ड!"

तिनं फोडला. आतला कागद दोनदा उलटापालटा केला.

"अगं, वाच की!"

"नदीनबाईंनी पाठवलाय... परवा शनिवारी पुन्हा ताटं. या खेपेला तुझा फोटो मोठा छापलाय. तीनशे आधीच खपली म्हणे, चार ऑर्टेगाबाईंनी घेतली."

तीनशे! नुसता हिशेब केला तरी छत्तीसशे, म्हणजे कार्ड पुन्हा गेलं, मी आणखी वर्षभर श्रीमंत! आणि थांबवू कुणाला? गाय तर भट्टीवर चढलेली...

म्हटलं, दोन आपलीही सांगून ठेव. चव काय, अंधारातही लागते.