चाळिसावी टोपी

नाही नाही, बसा की मावशी, बाकावर काही माझं नाव लिहिलेलं नाही — तेवढी ही बॅग मात्र मध्येच राहू दे, हलवू नका. तुमचं कोण आहे तलावात? नातू? हिरवी टोपी? मग येईल तो लवकर, हिरवे सगळे पट्टीचे पोहणारे. आमच्या ह्याची नारिंगी. नारिंगी म्हणजे नवखे — म्हणजे होडीवाल्यांनी ज्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, ते. अंगापेक्षा बोंगा मोठा, दुसरं काय! माझा नवरा फ्रिज दुरुस्त करतो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्रिज बघायला गेला की जिन्यात दोनदा थांबतो, आणि आज हा पाऊण किलोमीटर पोहणार, वीस किलोमीटर सायकल मारणार, वर पाच किलोमीटर पळणार. आणि मिळणार काय? गळ्यात एक पत्रा. पत्रा हवा होता तर गल्लीत भंगारवाला येतो की दर आठवड्याला! — भिंगरे, ओढू नकोस गं हात. ही आमची लेक. पाच पूर्ण झाली. नाही, नाही सोडत मी हिचा हात. मोठी झाली असेल, तरी नाही सोडत.

ती बघा, कठड्याला लागून उभी आहे ती निळी सायकल, ती आमची. खाली टॉवेल, टॉवेलवर बूट, बुटांत मोजे, मोज्यांत पावडर — पाण्यातून आल्यावर पाय सरसर जावेत म्हणून. अहो, महिनाभर घरात हीच तालीम. न्हाणीघरातून ओल्या अंगाने धावत यायचं, टॉवेलवर उभं राहायचं, मोजे, बूट, हेल्मेट, पट्टा खट्! — आणि मी घड्याळ धरून उभी. फरशी कोण पुसणार? मीच. नियम तर असे पाठ झालेत ना मला, परीक्षेला बसवा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला बोट लावायचं नाही, लावलं की तो शिट्टीवाला बाद करतो. हेल्मेटच नसेल तर? घरी जा. शर्यत चालू असताना बाहेरच्या कुणी पाण्याची बाटली जरी हातात दिली, तरी बाद. मोठी माणसं, पोरांसारखे खेळ, आणि नियम कोर्टासारखे.

काय? हेल्मेट दिसत नाही? — असेल हो. टॉवेलखाली असेल. तुमची नजर बरी आहे हो या वयात.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, उन्हाळ्याच्या सुट्टीचा. पहिला आठवडा — तंबूत राहायचं. घराला छप्पर आहे, ते कशाला आहे मग? दुसरा आठवडा — डोंगर. तिसरा आठवडा — तलाव, पोहणं, होडी. आणि त्या तिसऱ्या आठवड्यासमोर लाल पेनाने हिचं नाव. मी म्हटलं, माझ्या मुलीला पाण्यात नाही न्यायचं. तर म्हणतो कसा, “मी ती शर्यत पुरी केली, तर नेणार. मग तू हूं की चूं करायचं नाहीस.” मी हसत हसत हो म्हटलं. म्हणायला काय जातं? मला वाटलं, चार दिवसांत दमेल. हौस म्हणून जिमचं कार्ड काढणारे थोडे का असतात? पण हा रोज पहाटे जायला लागला. नाकात पाणी, कानात पाणी, डोळे लाल — शिकवणारा पोरगा याच्याहून दहा वर्षांनी लहान, तो याला सगळ्यांदेखत “काका, पाय मारा, पाय” म्हणायचा. आणि याला लाज? तिळाएवढी नाही.

एकतीस. नारिंगी एकतीस आले बाहेर. एकूण चाळीस आहेत, सकाळी भोंग्यावर सांगितलं होतं. सातवीपर्यंतच शिकलेय, पण मोजताना चुकत नाही मी. — बत्तीस. तो टकला तेहतीस. कसले हाफतायत बघा, माशाला काठावर टाकल्यासारखे.

पोहता येत नव्हतं हो त्याला. मला तर आजही येत नाही. गेल्या उन्हाळ्यात नदीवर गेलो होतो, गुडघाभर पाणी, ही पाय बुडवून खेळत होती, मी हात धरलेला. इतकं गोड हसत होती — मी म्हटलं एक फोटो काढू. फोटो काढायला दोन हात लागतात, मावशी. मोबाइल वर केला तर त्यात ही नाही. नुसतं पाणी. आणि हा काठावर उभा, मोठमोठ्याने ओरडत, छातीएवढ्या पाण्यात जाऊन परत फिरलेला. कुणी अनोळखी माणूस होता पलीकडे कपडे धूत, त्याने काढलं हिला. घरी सासूबाईंनी विचारलं, हात कुणी सोडला? तर हा म्हणाला, “माझ्या हातून सुटला.” लगेच म्हणाला. विचारसुद्धा केला नाही. वर्ष झालं, सगळे त्यालाच बोलतात. मीही बोलते. सगळ्यांदेखत बोलते — बाप आहेस की कोण आहेस म्हणून. तो ऐकून घेतो आणि पहाटे उठून पोहायला जातो.

— तुम्हाला काय करायचंय हे सगळं ऐकून? मीच मूर्ख, बडबडत सुटले. सदतीस. अडतीस.

हो, आहे माझ्याकडे! सारखं बॅगेकडे काय बघताय? हिला कडेवर घेऊन तो दंडावर नंबर लिहून घ्यायला रांगेत होता, तेव्हा कठड्यावरून हात घालून उचललं. कुणाला लागलंय का त्यात, खुपलंय का? पोहून येईल, हेल्मेट सापडणार नाही, बाद होईल, घरी येईल. फ्रिजवरचा कागद मी स्वतः फाडेन. उन्हाळाभर पंख्याखाली बसू दे हिला, रंग भरू दे चित्रांत. कोण मरतं पंख्याखाली बसून?

एकोणचाळीस. हा नाही. हा पण नाही हो. हा उंच आहे.

पाणी मोकळं झालं की सगळं. होडी तिकडे का वळली? मावशी, तुमची नजर चांगली आहे, बघा ना — नारिंगी दिसतंय का काही? लाल तो फुगा झाला, दिशेसाठी सोडलेला, तो नाही. अरे ये ना बाबा. दिवसभर दुकान, पहाटे पोहणं, सांगत होते मी, झेपायचं नाही तुला, मर मेल्या म्हटलं सकाळी — जीभ झडो माझी. ये. बाहेर ये फक्त. बिनहेल्मेटचा नाही पाठवत तुला, ये —

ते! ते बघा! बेडकासारखे पाय मारतोय, ध्यान कुठलं! त्याला पाय मारायला शिकवलं की हात विसरतो. चाळीस. भिंगरे, चाळीस झाले गं! सगळ्यांत शेवटी, होडी सोबतीला घेऊन, वरातीसारखा! लाज नाही मेल्याला.

उठा मावशी, उठा. शिट्टीवाल्याची पाठ आहे इकडे. आमचा हा तलावाच्या पायऱ्या चढून येईपर्यंत हेल्मेट जागेवर ठेवते, त्याच्या हातात थोडंच देतेय? पण हा कठडा उंच आहे — एका हाताने वर चढून दुसऱ्याने वाकायला लागतं, दोन्ही हात — हं. धरा. धरा हिचा हात. असा नाही, मनगटाशी, घट्ट. माझ्याकडे बघू नका, हिच्याकडे बघा. भिंगरे, आजीजवळ थांब, मी तीन मोजेपर्यंत येते.

झालं. टॉवेलवरच ठेवलं, पट्टा उघडा करून.

द्या इकडे तिला. आणि तुम्ही काही पाहिलं नाही, आपली ओळखही नाही — नातू कधीच गेला असेल तुमचा सायकल घेऊन, जा, तिकडे जाऊन टाळ्या वाजवा. सरका ना जरा, मावशी! तुमच्यामुळे तो दिसत नाहीये मला.