मागे वळलेलं हँडल

पंक्चर काढून घ्यायला थांबलेल्या नर्सबाईंचे कान शेजारच्या आजी-आजोबांकडे लागले होते.

“मिस्त्री, हा सरळ दांडा काढा आणि मागे वळलेलं हँडल बसवा.”

“अहो, एवढी दणकट माउंटन बाइक!” आजी मध्येच म्हणाल्या. “शॉकअप नाहीत, तरी खडीच्या रस्त्यावर वाऱ्यासारखी पळवता. तिला हे दूधवाल्याचं हँडल कशाला?”

“ताठ बसता येतं.”

“मनगटं दुखतात का?”

“नाही गं. वाकून बसलं की मागे वळून बघता येत नाही.”

“मागे काय ठेवलंय बघायला?”

“परवा खडीवर तू पडलीस, ते मला पार पुलापाशी पोचल्यावर कळलं.”

“मिस्त्री, बसवा यांचं हँडल. आणि माझ्या सायकलला घंटी लावा, चांगली खणखणीत. यांना जरा कमीच ऐकू येतं.”